आक्काच्या नाकावर टिच्चून

ही गोष्ट माझ्याइतकी बिनचूक सगळ्या खोऱ्यात कुणाला सांगता येत नाही. ज्यांना येत होती ती माणसं वर गेली, आणि जी उरलीत त्यांना ऐकू येत नाही. चूक काढायला कुणी शिल्लक नाही, एवढाच माझा बिनचूकपणा. तरी ऐका. जांभया मागाहून द्या.

फार वर्षांपूर्वी, डोंगर अजून तरणे होते आणि हेळवण्याला रस्ता नव्हता, नुसती वाट होती, तेव्हा या गावात दोन जावा राहत होत्या. थोरली मंजुळा. तिला लहानथोर सगळे मंजुळाक्का म्हणायचे. धाकटी द्वारका. तिला लहानथोर सगळे द्वारकी म्हणायचे. एकीला मान आणि दुसरीला नुसती हाक, हे द्वारकीच्या पोटात अंगावरची हळद उतरायच्या आधीपासून दुखत होतं. इथं बसलेल्या जावांनी एकमेकींकडे बघू नये. गोष्ट जुनी आहे.

घर एकच होतं. वाटण्या झाल्या तेव्हा मधोमध कुडाची भिंत घातली, कारव्या उभ्या करून वर शेणमाती लिंपलेली. थोरल्या वाट्याला म्हैस आली, धाकट्या वाट्याला शेळी. पुढं मंजुळाक्काचा नवरा वारला, लेक लांब दिली, आणि ती आणि म्हैस दोघीच राहिल्या. द्वारकीला नवरा होता, नारबा नावाचा. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेळीही वाईट नव्हती. पण भिंतीपलीकडे म्हैस रवंथ करत असली की चांगली शेळीसुद्धा मांजराएवढी दिसते.

आणि त्या म्हशीच्या दुधाचं मंजुळाक्का जे दही लावायची, त्या दह्यानं द्वारकीचा जन्म नासवला.

असं म्हणतात की ते दही चमच्यानं घ्यायचं नव्हतं, विळ्यानं कापून घ्यायचं होतं. असं म्हणतात की एकदा पाटलाचा बोका त्या दह्यावरून ह्या काठापासून त्या काठापर्यंत चालत गेला आणि त्याच्या पायाला काही लागलं नाही. भरलं मडकं बैलाच्या पाठीवर उघडं ठेवून लोक घाट उतरायचे आणि खाली पोचल्यावर वरची साय हललेली नसायची. बैल तेवढा हललेला असायचा.

आता ह्यात मंजुळाक्काची काय जादू होती? काही नव्हती. रोज तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, ती दूध करंगळीला सोसेल इतकं निववायची, कालच्या दह्याचं विरजण मडक्याला आतून माखायची, वरून दूध ओतायची आणि झाकण ठेवायची. रोज सकाळी झाकण काढलं की कुणाच्याही तोंडात घास जायच्या आधी पहिला चमचा एका करवंटीत काढून कोनाड्यात ठेवायची. तो संध्याकाळचा. एवढंच. तिच्या सासूनं हेच केलं होतं, सासूच्या सासूनं हेच, आणि ते विरजण हेळवण्यात एक दिवस तुटलं नव्हतं.

मंजुळाक्का दही देताना हात आखडायची नाही. दारात आलेल्याला वाटी भरून द्यायची. पण द्यायच्या आधी त्यात मीठ ढवळायची. मीठ पडलं की विरजण मेलं, असं आपल्याकडच्या बायका मानतात. म्हणजे खा, पोट भरून खा, पण त्याचं उद्या काही करू नका. दान करावं तर असं.

वर्षातून एकदा वाघजाईची जत्रा. देवीला दहीभाताचा नैवेद्य, आणि दही मंजुळाक्काचं. त्या दिवशी ती डोक्यावर मडकं घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायची, तिच्यापुढं फक्त ढोल. मागनं द्वारकी भाताची पाटी घेऊन. लोक मडक्याला हात जोडायचे. भाताला आजवर कुणी हात जोडलेत का? द्वारकी त्या पाटीखालून मडक्याकडे अशी बघायची की भात दोनदा शिजायचा, असं म्हणतात.

तिला दुसरं काही नको होतं. ते मडकं आपल्या डोक्यावर हवं होतं आणि आक्का आपल्या मागं हवी होती. शक्यतो उन्हात.

तर मग तिनं आपलं चांगलं दही का लावलं नाही? ऐका. द्वारकी आळशी नव्हती. आळशाचं एक बरं असतं, तो सुरूच करत नाही. द्वारकी सुरू करायची. तिच्या घरात अर्धी शिवलेली वाकळ होती, तिच्यावर झोपलं की गुडघ्यापर्यंत ऊब आणि पुढं जमीन. तिनं दोडक्याचा वेल लावला, तो मांडवापर्यंत पोचला आणि पाण्याची वाट बघत तिथंच थांबला. तिनं सोमवार धरला, तो सोमवारीच सोडला. एकदा मौन धरलं, आणि ते धरलंय हे सांगत दुपारपर्यंत गावभर हिंडली. हसता काय? तुमच्या माळ्यावर काय काय अर्धं पडलंय ते काढू का मी खाली?

दह्याचंही तसंच झालं. आक्का विरजण द्यायची नाही, मग द्वारकीनं ते चोरायचं ठरवलं. कोनाड्याच्या मागं कुड उंदरांनी पोखरला होता, दोन बोटं जातील एवढा. एका सकाळी आक्का पाण्याला गेलेली बघून द्वारकीनं त्यातनं बोटं घातली, करवंटीत बुडवली आणि बाहेर काढली. दही बोटांवर आलं. मडकं दोन पावलांवर होतं. पण वास असा आला की बोटं मडक्याकडे जायच्याऐवजी तोंडाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेही तोंडात. मग एकदा कसंबसं मडक्यापर्यंत पोचलं, शेळीच्या दुधाला लागलं, आणि सकाळी असं दही जमलं की द्वारकी आणि नारबा दोघांनी बसून मडकं पुसून खाल्लं. संध्याकाळी दूध तापवलं तेव्हा लक्षात आलं की उद्याचं काढायचं राहिलं. पुन्हा बोटं भोकात. असे किती फेरे झाले ते उंदीर जाणोत. रोज चोरायचं, रोज खायचं. हिशेबानं पाहिलं तर हीसुद्धा सवयच, पण हिला कुणी चांगली म्हणत नाही.

तिकडं आक्काला करवंटी रोज हलकी लागायला लागली. तिनं पाटलाच्या बोक्यावर आळ घेतला, बोक्याला झाडूनं बडवलं, आणि करवंटी उचलून आढ्याला टांगलेल्या शिंक्यात ठेवली. आता भोकातनं बोटं घातली तरी रिकामा कोनाडा.

त्याच सकाळी द्वारकी घागर घेऊन पाणवठ्याला गेली. करंजाच्या आडून बायकांचा आवाज आला म्हणून ती थबकली. कुणीतरी आक्काला विचारत होतं, "आक्का, तुमच्यामागं ह्ये दही कोण लावणार? द्वारकी?"

"द्वारकी?" मंजुळाक्का म्हणाली. "अगं, तिनं श्वास घ्यायचा धरला असता तर तोबी चौथ्या दिवशी सोडला असता."

बायका हसल्या. इतक्या हसल्या की एकीची घागर ओढ्यातनं वाहत गेली.

द्वारकी रिकामी घागर घेऊन घरी आली. असं म्हणतात की त्या दिवशी तिच्या अंगाची अशी आग झाली की शेजारच्या दोघीजणी चुलीला विस्तव मागायला तिच्याकडे आल्या. ती मडक्यापाशी जाऊन बसली. मडक्यात कालच्या शेवटच्या चोरीचं दही होतं, आणि आता ह्याच्यानंतर चोरायला काही उरलं नव्हतं. नारबा वाटी पुढं करून बसला होता.

"थांबा," ती म्हणाली. तिनं पहिला चमचा करवंटीत काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि दातओठ खात म्हणाली, "आक्काच्या नाकावर टिच्चून."

नारबानं विचारलं, "ह्यो कुठला मंतर?"

"गप खावा."

दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिला चमचा, पुन्हा भिंतीकडे तोंड, पुन्हा आक्काचं नाक. तिसऱ्या सकाळी पुन्हा. चौथ्या सकाळी तिला खरंच कंटाळा आला. हात वाटीकडे निघाला. पण त्या हाताला पाणवठ्यावरचं हसू ऐकू आलं आणि तो मधेच वळला. ज्या कामाला देवाचं नाव पुरलं नव्हतं, त्याला आक्काचं नाक पुरलं.

मग दिवसामागून दिवस गेले, आणि द्वारकीचं विरजण तुटलं नाही. काही दिवशी शेळी भरपूर द्यायची, मग मडकंभर दही. काही दिवशी शेळीचं करडूच सगळं प्यायचं, मग द्वारकी उरलेलं पणतीत लावायची. पणतीएवढं दही बघून नारबा म्हणायचा, "एवढ्याशाचं काय करणार तू?"

"उद्याचं."

"आन आजचं?"

"आज तुमी भाकरीला पाणी लावा."

एकदा ती भावाच्या लग्नाला माहेरी गेली तर पदराखाली करवंटी घेऊन गेली. लोकांना वाटलं करवलीनं ओटीत काहीतरी ढापलंय. एकदा तिला असा ताप भरला की तिला सूर्य दिसेना की चंद्र. तेव्हा असं म्हणतात की तिन्हीसांजेला सगळी द्वारकी अंथरुणावर तशीच पडून राहिली आणि तिचा उजवा हात तेवढा उठला, चुलीपाशी गेला, दूध निववलं, विरजण लावलं, झाकण ठेवलं आणि परत येऊन तिच्या शेजारी निजला. शेळीलाही वळण लागलं होतं. दिवस कलला की ती आपणहून भांड्यापाशी येऊन उभी राहायची आणि उशीर झाला तर शिंगानं दार वाजवायची. थंडीत खोऱ्यातलं कुणाचंच दही धड जमायचं नाही, आक्कालासुद्धा मडकं कोंड्यात पुरावं लागायचं. द्वारकी नुसती मडक्याशेजारी बसून आक्काचा विचार करायची. तेवढी ऊब पुरायची. पुढं पुढं तर म्हणे सूर्यही हेळवण्यावर जरा थांबायचा आणि हिचं झाकण वाजल्यावर मावळायचा. हे मी वाढवलेलं आहे, पण फार नाही.

आता तिचं दही आक्काच्या तोडीचं झालं होतं. आणि इथं तिची खरी गोची झाली. ते दाखवायचं कुणाला? विरजण आक्काचं, चव आक्काची. कुणी एक घास खाल्ला असता तर लगेच ओळखलं असतं आणि द्वारकी चोर ठरली असती. बाई खोऱ्यातलं सगळ्यात चांगलं दही लावायची आणि दार लावून खायची. जत्रेत ती अजूनही मागनं भाताची पाटीच घेऊन चालायची, आणि पुढच्या मडक्याकडे बघून मनात म्हणायची, माझं ह्याच्यापेक्षा घट्ट आहे, माझं ह्याच्यापेक्षा गोड आहे. सगळ्या गावात हे ऐकणारी एक तीच. चांगलं दही लपवून ठेवायचा जाच काय असतो ते ज्याला आपलं कौतुक आपणच करावं लागतं त्याला विचारा. इथं तसे बरेच बसलेत.

अशी वर्षं गेली. मग गुरांची साथ आली.

खोऱ्यात हंबरणं ऐकू येईना इतकी गुरं गेली. जी जगली ती आटली. मंजुळाक्काची म्हैस दावणीलाच बसली ती उठली नाही. गावात शेळ्या होत्या त्या एकट्या द्वारकीकडे, त्यांना साथीनं हात लावला नाही. का, ते साथीलाच ठाऊक. घरोघरची विरजणं वाळली. आक्कानं आपली करवंटी रोज काढून बघावी, तर बुडाला पिवळी खपली. एके दिवशी तिनं ती पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

द्वारकीला पहिले काही दिवस भारी वाटलं. पलीकडे झाकण वाजत नाही, इकडं वाजतंय. तिनं सकाळी चमचा काढताना आवाज चढवून म्हटलं, "आक्काच्या नाकावर टिच्चून." पलीकडून काही हलल्याचासुद्धा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्यानं. काही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं उंदराच्या भोकाला डोळा लावला. आक्का होती तशीच बसलेली, केस न विंचरलेले, पालथी करवंटी मांडीवर.

द्वारकीला राग आला. दया नव्हे, उगाच तिच्या नावावर नको ते घालू नका. राग आला. ही अशी बसली तर मी जळू कुणावर? ज्या नाकावर टिच्चायचं ते असं गळून पडलं तर रोज पहाटे उठून उपयोग काय? तिला दही गोड लागेना. नारबा म्हणाला चव तीच आहे. तरी तिला लागेना.

पुढं साथ ओसरली. पाटलाकडे नवी म्हैस आली, व्याली, खरवस वाटला गेला, दूध झालं. आणि जत्रा तोंडावर आली. पण दही लागेना. कुणी लिंबू पिळलं, कुणी चिंच घातली, कुणी मिरच्यांची देठं टाकली. देठांच्या दुधानं पाटलाला दोन दिवस परसाकडेच बसवलं. बाहेरगावचं आणावं तर देवीला चालत नाही. वाघजाईला हेळवण्याच्याच विरजणाचं दही लागतं, ते नसेल तर पालखी हलायची नाही, असा सगळ्यांचा धाक. सखा गुरव दारोदार सांगत फिरला, "ज्याच्या घरात चमचाभर जरी दही असंल त्यानं जत्रेला आणा. औंदा त्याचं मडकं म्होरं."

द्वारकीनं ते दारात उभं राहून ऐकलं. जन्मभर जे मागितलं ते तिच्या उंबऱ्यावर येऊन उभं होतं, आणि घ्यायला हात पुढं केला की चोरी उघडी पडणार होती. ती आत जाऊन मडक्याशेजारी बसली. उठली. पुन्हा बसली. नारबा म्हणाला, "जाऊ नगंस. लोक थुकतील."

"थुकू द्या," ती म्हणाली. "पर तिला उठवाय पायजे."

जत्रेच्या सकाळी देवळासमोर गाव उभं होतं. पालखी सजलेली, ढोल गळ्यात, आणि कुणाच्याच हातात काही नाही. मंजुळाक्काला दोघींनी धरून आणून पारावर बसवलं होतं. तेवढ्यात द्वारकी आली, डोक्यावर मडकं. तिनं ते सखा गुरवापुढं ठेवलं आणि झाकण काढलं.

सखानं वाकून वास घेतला. त्याचे डोळे मिटले. उघडले तेव्हा तो म्हणाला, "ह्ये तर मंजुळाक्काचं."

"इरजण तिचं," द्वारकी म्हणाली. "मी चोरलं हुतं."

"कवा?"

"लई वर्सं झाली. माझी थोरली शेळी करडू हुती तवा."

कुजबुज झाली. आणि बघा कशी गंमत. द्वारकीनं चोरी केली हे सगळ्या गावानं तिथल्या तिथं मानलं. एकानंही हूं की चूं केलं नाही. पाटलाच्या बोक्यासाठी दोघंतिघं हळहळलीसुद्धा.

"बरं," सखा म्हणाला, "मग इतकी वर्सं ते टिकलं कसं?"

"मी रोज लावलं."

आता मात्र गाव हसलं. म्हातारे हसले, ढोलवाले हसले. पाटील म्हणाला, "द्वारके, चोरी केलीस ते पटतंय. पर रोज? तू?" कुणीतरी अर्ध्या वाकळीचं नाव काढलं. कुणीतरी दोडक्याच्या वेलाचं. "मागच्या आठवड्यात चोरलं असंल कुठनंतरी." "कुठनं चोरणार, हाय कुठं?" "मग देवीचा चमत्कार म्हणा. द्वारकीनं रोज काही केलं ह्यापरीस तेच सोपं."

द्वारकी उभी राहिली ती उभीच. चोर म्हणवून घ्यायला ती मन घट्ट करून आली होती, ते कुणी म्हणतच नव्हतं. पण ते रोजचे रोज, तो ताप, ती पणती, ते माहेर, एवढं एकच तिचं स्वतःचं होतं, आणि तेच कुणी घेईना. नारबानं "खरं हाय" म्हटलं, पण बायकोच्या बाजूनं बोलणाऱ्या नवऱ्याचं कोण ऐकतं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असं म्हणतात की ते मातीवर पडलं तिथून वाफ निघाली.

"रोज लावतीया ती."

पारावरून आवाज आला. मंजुळाक्का बोलली होती. साथीपासून पहिल्यांदा.

"तुमाला काय ठावं, आक्का?" पाटलानं विचारलं. "तुमाला तरी म्हाईत हुतं का इरजण तुमचं हाय म्हणून?"

"ते आज कळलं. बोका उगाच बडवला मी." ती काठी टेकत उठली. "पर भिताडाच्या पल्याड रोज सकाळी झाकण वाजतंय आन माझ्या नाकाचा उद्धार हुतोय. थंडी न्हाई, पाऊस न्हाई, सणवार न्हाई. ताप आल्ता तवाबी कन्हत कन्हत म्हणत हुती. घरात असली की एक सकाळ चुकली न्हाई. माझं म्हसरू मेलं त्या सकाळीबी म्हणाली. मला वाटायचं, बाई करतीया काय? आता कळलं काय करतीया."

मग कुणीतरी विचारलं, "नाकाचा उद्धार म्हंजी?" आणि द्वारकीला सगळ्यांसमोर ते म्हणून दाखवावं लागलं. तिनं ते खाली मान घालून म्हटलं. ढोलवाला इतका हसला की ढोल आपोआप वाजायला लागला, आणि पालखी कुणी हात लावायच्या आधी जागची हलली, असं म्हणतात.

पण नैवेद्य निघायच्या आधी द्वारकीनं एक गोष्ट केली. देवीच्या पानावर वाढायच्या आधी तिनं मडक्यातला पहिला चमचा बाजूला काढला. सखा गुरव ओरडणार होता, पण तिचा हात कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता, इतक्या वर्षांत तो तिचंही ऐकत नव्हता. तिनं तो चमचा आक्कापुढं धरला.

"घे. पर मीठ घालू नगंस."

मंजुळाक्कानं पदराखालून करवंटी काढली. ती बरोबर आणली होती, कशाला ते तिलाच ठाऊक. चमचा घेतला, आणि त्या जत्रेत द्वारकी मडकं घेऊन पुढं चालली आणि मागनं आक्का भाताची पाटी घेऊन. ऊनही बऱ्यापैकी होतं. द्वारकीनं दर चार पावलांवर मागं वळून बघितलं, म्हणून त्या वर्षी पालखीला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या म्हशीचं दूध मागून आक्कानं दही लावलं. पलीकडे झाकण वाजलं. अलीकडे द्वारकीचं दही त्या सकाळी असं गोड लागलं की तिनं वाटी चाटली, आणि लगेच भोकाला डोळा लावून बघितलं की पलीकडचं किती घट्ट जमलंय.

तेव्हापासून हेळवण्यात विरजण कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. नवी सून घरात आली की पहिल्या सकाळी तिनं शेजारच्या कोनाड्यातनं ते चोरायचं, आणि शेजारणीनं तेवढा वेळ चुलीत फुंकत बसायचं. दारात आलेल्याला दही द्यायचं तर बिनमिठाचं. आणि रोज पहिला चमचा काढताना भिंतीकडे तोंड करून म्हणायचं, आक्काच्या नाकावर टिच्चून. आक्का कोण हे निम्म्या सुनांना माहीत नसतं. ज्यांना स्वतःला आक्का म्हणतात त्याही म्हणतात. कुणी एखादं काम धरलं आणि सुटेल असं वाटलं, पोरगं तालमीला जायला लागलं, म्हातारं औषध घ्यायला लागलं, तरी घरची माणसं त्याला विचारतात, कुणाच्या नाकावर? नाव सांगता आलं की ते काम टिकतं, असं म्हणतात.

आणखी एक. देवळाच्या वाटेवर पारापाशी एक काळा दगड आहे. तो मंजुळाक्काचा, ती गेल्यावर बसवलेला. त्याच्यावर गावातली कुणी ना कुणी बाई रोज सकाळी बोटभर दही लावून जाते. ते मात्र द्वारकीच्या नावानं. ही रीत कशी पडली ते आता सांगतो.

जत्रेनंतर द्वारकी रोज सकाळी आपल्या दह्याचा एक चमचा घेऊन आक्काच्या दारात जायची आणि विचारायची, "कसं झालंय? तुझ्यापरीस बरं हाय का न्हाई?" आक्का चाखायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची. हवा, शेळी, नारबाचा खोकला. द्वारकी जळत परतायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी निगुतीनं लावून आणायची. दोघी म्हाताऱ्या झाल्या. शेवटी आक्का अंथरुणाला खिळली. तोंडात पाणी राहीना. एका सकाळी वैद्य उठून गेला, बायका कडेनं बसल्या, आणि द्वारकी चमचा घेऊन आत आली. तिनं आक्काच्या जिभेवर दही ठेवलं आणि तिच्या कानाशी वाकली.

"आक्का, आता तरी सांग. जन्मभर इचारतीया. बरं का तुझ्यापरीस?"

मंजुळाक्कानं जीभ हलवली. बराच वेळ चव घेतली. एक डोळा उघडून जावेकडे बघितलं.

"उद्या आण," ती म्हणाली. "मग सांगते."